कागदावर झिजणाऱ्या इमारती आणि अमेरिकन करव्यवस्थेचे वर्गस्वरूप

४ जुलै २०२५ रोजी, स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका अवाढव्य करविधेयकावर स्वाक्षरी केली. भांडवलदारी वृत्तपत्रांनी या कायद्याच्या भडक नावाची आणि ट्रम्प यांच्या विक्षिप्त स्वभावाची भरपूर चर्चा केली. परंतु त्या कायद्यातील दोन तरतुदी शेजारीशेजारी मांडून पाहण्याची निकड त्यांपैकी फारच थोड्यांना भासली. पहिल्या तरतुदीने गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याला, म्हणजे ‘मेडिकेड’ला, जबर कात्री लावली. अमेरिकन संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब असा की, या कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे १ कोटी अधिक माणसे आरोग्यविम्याला मुकतील. दुसऱ्या तरतुदीने यंत्रे, उपकरणे आणि इमारतींचे काही भाग यांची संपूर्ण किंमत पहिल्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची मुभा मालकवर्गाला कायमची बहाल केली. संसदेच्या संयुक्त करसमितीच्या अंदाजाप्रमाणे या एका सवलतीपायी दहा वर्षांत सुमारे ३६३ अब्ज डॉलरचा महसूल बुडणार आहे.

ही सवलत सर्वच उद्योगांना लागू आहे. परंतु कार्यालयांचे मनोरे, दुकानांची संकुले, हॉटेले, गोदामे आणि भाड्याच्या चाळीवजा इमारती यांत भांडवल गुंतवणाऱ्यांनी तिचा जो उपयोग करून घेतला आहे, तो विशेष अभ्यासण्याजोगा आहे. त्या उपायाचे नाव ‘कॉस्ट सेग्रिगेशन’, म्हणजे इमारतीच्या खर्चाची फोड. नाव रुक्ष आहे आणि विषय हिशेबनिसांचा आहे. तरीही कष्टकरी चळवळीच्या कार्यकर्त्याने तो समजून घेतला पाहिजे. कारण श्रीमंतांना कर टाळण्यासाठी कायदा मोडावा लागतो ही समजूत किती भाबडी आहे, हे त्यावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होईल.

घसाऱ्याचे खरे स्वरूप

यंत्र झिजते, इमारत जुनी होते. उत्पादनात यंत्राची जेवढी झीज होते तेवढे मूल्य मालात उतरते आणि माल विकला गेला की पैशाच्या रूपाने मालकाकडे परत येते. हा पैसा साठवून यंत्राचे आयुष्य संपताच नवे यंत्र घ्यावयाचे असते. म्हणून नफा मोजताना घसारा वजा करणे यात मुळात काही गैर नाही. घसारा ही उत्पादनप्रक्रियेतील एक वस्तुस्थिती आहे.

मात्र भांडवलदाराच्या हातात या वस्तुस्थितीचे काय होते, याकडे मार्क्सचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. १८५८ च्या मार्च महिन्यात त्यांनी मँचेस्टरच्या कापडधंद्यात काम करणाऱ्या एंगेल्सना पत्र लिहून विचारले की, तुमच्याकडे यंत्रसामग्री किती वर्षांनी बदलली जाते? एंगेल्सनी कळविले की, बहुतेक कारखानदार दरसाल साडेसात टक्के घसारा धरतात, म्हणजे यंत्राचे आयुष्य सुमारे १३ वर्षे मानतात. ऑगस्ट १८६७ मध्ये मार्क्सनी याच विषयावर पुन्हा प्रश्न केला: यंत्र प्रत्यक्ष बदलण्याची वेळ येईपर्यंत हा साठलेला पैसा कारखानदार कसा वापरतो? एंगेल्सनी आकडेमोडीचे तक्तेच पाठवून दाखवून दिले की, तो पैसा स्वस्थ पडून राहत नाही. त्यातून नवी यंत्रे घेतली जातात आणि भांडवल वाढत जाते. ‘कॅपिटल’च्या दुसऱ्या खंडात स्थिर भांडवलाच्या पुनर्भरणाची जी मीमांसा आहे, तिच्यामागे हा व्यवहारातील तपशील उभा आहे.

यावरून प्रश्नाचे मर्म कळते. घसाऱ्याची रक्कम वस्तूच्या खऱ्या झिजेशी जुळती असेल तोवर ती पुनर्भरणाचा निधी असते. ती खऱ्या झिजेहून जितकी जास्त आणि जितकी लवकर मिळेल, तितकी ती संचयासाठी फुकट मिळालेली रक्कम ठरते. ही जास्तीची रक्कम करातून वजा होत असेल, तर ती फुकटची रक्कम शासनाच्या तिजोरीतून, म्हणजे उरलेल्या करदात्यांच्या खिशातून, येते.

इमारतीची फोड कशी होते?

अमेरिकन कायद्यानुसार १९९३ पासून व्यापारी इमारतीचे आयुष्य ३९ वर्षे आणि भाड्याने दिलेल्या निवासी इमारतीचे आयुष्य साडेसत्तावीस वर्षे मानले जाते. या काळात दरसाल समान हप्त्याने घसारा मिळतो. जमीन झिजत नाही. म्हणून जमिनीवर घसारा नाही. येथवर सर्व ठीक दिसते.

आता फोडीचे तंत्र पुढे येते. इमारत विकत घेतल्यावर मालक एखाद्या तज्ज्ञ मंडळीला पाचारण करतो. त्यांत अभियंते असतात, हिशेबतपासनीस असतात. ते इमारतभर फिरून तिची कागदावर चिरफाड करतात. गालिचा हा इमारतीचा भाग नव्हे, ते निराळे सामान. त्याचे आयुष्य ५ वर्षे. सरकवता येणारी लाकडी भिंत, स्वयंपाकघरातील यंत्रांकडे जाणारी खास वीजजोडणी, शोभेचे दिवे हेही त्याच वर्गात. बाहेरचा मोटारतळ, कुंपण, पायवाट, हिरवळ यांचे आयुष्य १५ वर्षे. अशी फोड करता करता इमारतीच्या किमतीचा मोठा हिस्सा ३९ वर्षांच्या रकान्यातून उचलून ५ आणि १५ वर्षांच्या रकान्यांत नेऊन ठेवला जातो. ज्या मालमत्तेचे कायदेशीर आयुष्य २० वर्षे वा त्याहून कमी आहे, तिला ‘बोनस घसारा’ मिळतो. आणि १९ जानेवारी २०२५ नंतर संपादन केलेल्या अशा मालमत्तेला तो १०० टक्के आहे. म्हणजे ५ वर्षांच्या गालिचाची आणि १५ वर्षांच्या मोटारतळाची सगळी किंमत पहिल्याच वर्षी ‘झिजून’ जाते. दुसऱ्या दिवशी त्याच गालिच्यावरून भाडेकरू चालत असतात आणि त्याच मोटारतळाचे भाडे मालक वसूल करीत असतो, ही गोष्ट वेगळी.

एक काल्पनिक पण कायद्याच्या चौकटीतले उदाहरण घेऊ. १ कोटी डॉलरची एक इमारत आहे. त्यात जमिनीची किंमत २० लाख आणि बांधकामाची ८० लाख. मालकाचे स्वत:चे ३० लाख आहेत, उरलेले ७० लाख बँकेचे कर्ज. नेहमीच्या नियमाने दरसाल सुमारे २ लाख ५ हजार डॉलर घसारा मिळेल. आता फोड करून २० लाखांचा भाग कमी आयुष्याच्या वर्गांत टाकला, तर पहिल्याच वर्षी ते २० लाख आणि राहिलेल्या ६० लाखांवरील १ लाख ५४ हजार, अशी एकूण २१ लाख ५४ हजारांची वजावट होते. सर्व खर्च आणि व्याज जाऊन मालकाच्या हाती ३ लाख डॉलर रोख उरले असतील, तर करखात्यापुढे तो साडेअठरा लाखांचा तोटा दाखवितो. हा तोटा त्याच्या इतर इमारतींच्या भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो. ३७ टक्के या सर्वोच्च दराने पाहिले तर जास्तीच्या वजावटीमुळे वाचलेला कर ७ लाख २० हजार डॉलरच्या घरात जातो. त्याने स्वत: घातलेल्या ३० लाखांचा जवळजवळ चौथा हिस्सा पहिल्याच वर्षी शासनाने त्याच्या हाती ठेवला! शिवाय हा घसारा त्याला स्वत:च्या ३० लाखांवर मिळालेला नाही. बँकेत ज्यांनी ठेवी ठेवल्या त्यांच्या ७० लाखांवरही मिळालेला आहे.

इमारत झिजली का? उलट, बहुधा तिची बाजारातील किंमत वाढलेली असते. ही वाढ विटा-चुन्याची नसते, खालच्या जमिनीची असते. जवळून भुयारी रेल्वे गेली, रस्ता रुंद झाला, आसपास लाखो कामकरी माणसांनी शहर वसविले, की जमिनीचा खंड वाढतो आणि तो मालकाच्या खिशात जातो. अमेरिकन करकायदा इमारतीची काल्पनिक झीज डोळ्यांत तेल घालून मोजतो. जमिनीच्या किमतीतील खरी वाढ मात्र विक्री होईपर्यंत त्याला दिसत नाही.

न्यायालयाने उघडलेले दार

या व्यवहाराचा इतिहास बोलका आहे. १९८१ साली रीगन राजवटीने केलेल्या कायद्याने इमारतींचा घसारा अतिशय वेगवान केला. त्या वेळी व्यापारी इमारतीचे आयुष्य अवघे १५ वर्षे मानले गेले. त्याच कायद्याने एक बंधनही घातले होते: इमारतीच्या छप्पर, नळ, वायरिंग अशा घटकांचा घसारा वेगवेगळा काढण्याची जुनी पद्धत बंद करण्यात आली. पुढे १९८६ आणि १९९३ साली इमारतीचे आयुष्य वाढवून ३९ वर्षांवर नेण्यात आले, तेव्हा मालकवर्गाला जुन्या पद्धतीची आठवण होऊ लागली.

‘हॉस्पिटल कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’ ही इस्पितळांचा धंदा करणारी बलाढ्य कंपनी. तिने आपल्या इस्पितळांतील गालिचे, भिंतींवरील व्हायनिलचे आवरण, उपकरणांसाठीची वीजव्यवस्था इत्यादी शेकडो बाबी इमारतीतून वेगळ्या काढल्या आणि त्यांवर जलद घसारा मागितला. करखात्याचे म्हणणे होते की, ही बंद केलेली पद्धतच मागील दाराने आत येत आहे. १९९७ साली कर न्यायालयाने मुख्य मुद्द्यावर कंपनीच्या बाजूने कौल दिला. गुंतवणुकीवरील करसवलतीसाठी १९६२ नंतर तयार झालेल्या जुन्या कसोट्या घसाऱ्यालाही लावता येतील, असे त्या निकालाने ठरले. काही बाबींत कंपनी हरली, पण दार उघडले गेले. १९९९ साली करखात्याने हे तत्त्व मान्य केले आणि २००४ मध्ये आपल्या तपासनिसांसाठी या विषयावर सविस्तर मार्गदर्शिकाच काढली. आज हा एक स्वतंत्र धंदा झाला आहे.

या योगायोगाची नोंद केली पाहिजे. हे दार उघडले ते रुग्णांवर नफा कमावणाऱ्या कंपनीने. आणि ते कायमचे सताड उघडे ठेवणाऱ्या २०२५ च्या कायद्यानेच गरीब रुग्णांचा विमा हिरावला.

‘कर फक्त पुढे ढकलला जातो’

या व्यवस्थेचे समर्थक तीन युक्तिवाद करतात. त्यांची क्रमाने तपासणी केली पाहिजे.

पहिला युक्तिवाद असा की, यात कर बुडत नाही, तो केवळ लांबणीवर पडतो. आज जास्त घसारा घेतला की उद्या कमी मिळेल; इमारत विकताना घेतलेला घसारा परत उत्पन्नात धरून कर लागेल. कागदावर हे खरे आहे. परंतु कर लांबणीवर टाकणे म्हणजे शासनाकडून बिनव्याजी कर्ज घेणे होय. ज्या देशात कामगाराला दवाखान्याचे बिल भरण्यासाठी क्रेडिट कार्डावर भारी व्याजाने उसनवार करावी लागते, त्या देशात कोट्यधीश मालकाला बिनव्याजी, बिनतारण आणि बिनअर्जाचे कर्ज मिळते, एवढे तरी या समर्थकांनी कबूल करावे.

आणि हे कर्ज फेडावे लागतेच असेही नाही. इमारत विकून तिच्याऐवजी दुसरी स्थावर मालमत्ता घेतली, तर अदलाबदलीच्या तरतुदीखाली नफ्यावरील कर पुन्हा पुढे जातो. ही तरतूद १९२१ पासून चालत आलेली आहे. २०१७ च्या कायद्याने यंत्रे व इतर मालमत्तेसाठी ती रद्द केली. स्थावर मालमत्तेसाठी मात्र राखून ठेवली. शेवटी मालक मेला की वारसाच्या हाती मालमत्ता जाते ती मृत्यूच्या वेळच्या बाजारभावाने. मधल्या सर्व वर्षांत वाढलेली किंमत आणि घेतलेला घसारा या दोहोंवरचा प्राप्तिकर कायमचा पुसला जातो. वारस नव्या किमतीवर नव्याने घसारा सुरू करतो. तेव्हा जो कर बापाने पुढे ढकलला, तो मुलाला भरावा लागत नाही आणि नातवालाही नाही.

‘यामुळे बांधकाम आणि रोजगार वाढतो’

दुसरा युक्तिवाद रोजगाराचा. जलद घसारा दिला की गुंतवणूक वाढते, बांधकाम होते, मजुरांना काम मिळते, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद कायद्याच्या दोनच तपशिलांपुढे टिकत नाही.

पहिला तपशील: २०१७ च्या कायद्यापासून बोनस घसारा नव्या मालाप्रमाणेच वापरलेल्या मालालाही मिळतो. म्हणजे तीस वर्षांपूर्वी बांधलेली इमारत एका मालकाने दुसऱ्याला विकली, की नव्या मालकाने तिची फोड करावी आणि तेच दिवे, तेच कुंपण, तोच मोटारतळ पुन्हा एकदा पहिल्या वर्षात झिजवावा. एक वीटही रचली गेली नाही, एका गवंड्याला एक दिवसाचेही काम मिळाले नाही. केवळ खरेदीखतावरील नाव बदलले.

दुसरा तपशील याहून उद्बोधक आहे. ज्या मालकाने पाच-दहा वर्षांपूर्वी इमारत घेतली आणि तेव्हा फोड केली नाही, त्याला ती आज करता येते. हिशेबाची पद्धत बदलल्याचा एक अर्ज भरला की मागील सर्व वर्षांत ‘राहून गेलेला’ घसारा चालू वर्षाच्या उत्पन्नातून एकरकमी वजा होतो. दहा वर्षांपूर्वी झालेल्या खरेदीला आज सवलत देऊन कोणता रोजगार निर्माण होणार, हे या पंडितांनी कधी समजावून सांगितलेले नाही. होऊन गेलेल्या गोष्टीला प्रोत्साहन देता येत नाही. तिला बक्षीसच देता येते.

‘सवलत सर्वांनाच खुली आहे’

तिसरा युक्तिवाद समतेचा आव आणतो. कायदा कोणाचे नाव घेत नाही. ज्याला पाहिजे त्याने इमारत घ्यावी आणि सवलत मिळवावी. बुर्झ्वा कायद्याची समता ती हीच.

त्याच इमारतीत काम करणाऱ्या एका वीजकामगाराकडे पाहावे. अनेक अमेरिकन कामगारांना आपली हत्यारे, बूट, कामाचे कपडे स्वत:च्या पगारातून घ्यावे लागतात. पूर्वी असा खर्च काही मर्यादेपलीकडे गेला तर त्यांना तो उत्पन्नातून वजा करता येत असे. २०१७ च्या कायद्याने ही वजावट २०१८ पासून स्थगित केली आणि २०२५ च्या कायद्याने ती कायमची बंद केली. तेव्हा वीजकामगार जी तार मालकाच्या भिंतीत बसवितो, ती मालकासाठी पहिल्याच वर्षी शंभर टक्के झिजू शकते. पण ती तार बसवताना कामगाराची जी पक्कड झिजते, तिची झीज कायद्याला मान्य नाही. एकाच दिवशी, एकाच भिंतीशी, एकाच कायद्याने केलेला हा न्याय आहे.

कामगाराच्या वेतनातून सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर यांसाठी पहिल्या डॉलरपासून ७.६५ टक्के कापले जातात. त्यात कसलीही वजावट नाही. नुसते भाडे खाणाऱ्याच्या भाड्यावर सर्वसाधारणपणे हा कर नाही. स्वत:च्या घरात राहणाऱ्याला घसारा नाही, भाडेकरूला तर नाहीच. घसारा आहे तो फक्त दुसऱ्याला भाड्याने देण्यासाठी इमारत घेणाऱ्याला.

भाड्याच्या धंद्यातील कागदी तोटा पगाराच्या किंवा इतर धंद्याच्या उत्पन्नातून वजा करू नये, असे बंधन १९८६ साली घालण्यात आले होते. डॉक्टर, वकील, नट यांनी कागदी तोट्यांचा सुकाळ केला, तेव्हा संसदेला हे करणे भाग पडले. परंतु १९९३ मध्ये त्यालाही भोक पाडण्यात आले. वर्षाला ७५० तासांहून अधिक आणि आपल्या कामाच्या निम्म्याहून अधिक वेळ जो स्थावर मालमत्तेच्या धंद्यात घालवितो आणि आपल्या इमारतींच्या कारभारात स्वत: लक्ष घालतो, त्याला हे बंधन लागू नाही. पती-पत्नींपैकी एकाने तासांची अट पुरी केली तरी भागते. अशा तोट्याला वार्षिक मर्यादा आहे, पण उरलेला तोटा पुढील वर्षांत नेता येतो. इमारती झाडणारा, त्यांतील नळ दुरुस्त करणारा माणूस वर्षाला दोन हजार तास त्याच धंद्यात घालवितो. पण तो मालक नसल्यामुळे त्याच्या तासांना या कायद्यात किंमत नाही.

व्यक्तीचा दोष की वर्गाचा कायदा?

उदारमतवादी मंडळी या साऱ्या प्रकरणाला नैतिक रूप देतात. त्यांच्या मते दोष काही लबाड व्यक्तींचा आहे. त्यांना ट्रम्प हे सोयीचे उदाहरण मिळाले. २०१६ च्या निवडणुकीतील जाहीर वादचर्चेत ट्रम्प यांनी आपल्याला घसारा फार प्रिय असल्याचे सांगून टाकले होते. २०२० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांची करविवरणे उजेडात आणली आणि २०२२ च्या डिसेंबरात संसदीय समितीनेही ती प्रसिद्धीस दिली. २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत त्यांनी केंद्रीय प्राप्तिकर म्हणून प्रत्येकी केवळ ७५० डॉलर आणि २०२० साली शून्य डॉलर भरले होते. तोटे, घसारा आणि सवलती यांच्या मिश्रणातून हे साधले होते.

तथापि ट्रम्प यांच्या लबाडीवर संताप व्यक्त करून थांबणे म्हणजे मूळ प्रश्नाला बगल देणे होय. १९८१ चा कायदा रीगन यांचा, म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा. १९९३ चे भोक क्लिंटन यांच्या, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या राजवटीत पडले. बोनस घसारा २००२ मध्ये धाकट्या बुश यांनी आणला. तो प्रथम १०० टक्के केला २०१० मध्ये ओबामा यांच्या राजवटीने. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी तो जुन्या मालमत्तेलाही लावला. यांपैकी बहुतेक वेळा सवलत ‘तात्पुरती’ होती. पण कामगारांच्या तात्पुरत्या सवलती संपतात आणि मालकांच्या तात्पुरत्या सवलती कायम होतात, हा भांडवलशाहीचा नियम आहे.

त्याचा ढळढळीत पुरावा जवळचाच आहे. महामारीच्या काळात, २०२१ साली, मुलांसाठीचे करसाहाय्य वाढविण्यात आले आणि ते अत्यंत गरीब कुटुंबांनाही पूर्ण मिळू लागले. अमेरिकन जनगणना खात्याच्या पूरक मापनानुसार त्या वर्षी बालदारिद्र्याचे प्रमाण ५.२ टक्क्यांवर उतरले. वर्षअखेरीस ते साहाय्य बंद पडू दिले गेले आणि २०२२ मध्ये हे प्रमाण १२.४ टक्क्यांवर गेले. २०२४ च्या आरंभी प्रतिनिधीगृहात दोन्ही पक्षांनी मिळून एक सौदा केला: मुलांना थोडी वाढ, आणि त्याच्या मोबदल्यात कंपन्यांना पूर्ण बोनस घसारा. सिनेटने तोही अडविला. २०२५ मध्ये घसारा कायमचा पूर्ण झाला. मुलांचे साहाय्य २,२०० डॉलर झाले खरे, पण अत्यंत गरीब कुटुंबांना ते पूर्ण मिळत नाही. गालिचाची झीज शंभर टक्के मान्य झाली, मुलाची भूक मात्र अर्धवट!

भारतातील प्रश्न

हा सारा अमेरिकेचा मामला आहे, असे म्हणून भारतातील कष्टकऱ्यांना स्वस्थ बसता येणार नाही. इमारतीतून यंत्र वेगळे काढण्याचा खटाटोप भारतातही झालेला आहे. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने सिकंदराबादच्या एका हॉटेलाच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, स्नानगृहातील उपकरणे आणि नळजोडण्या या ‘यंत्रसामग्री’च्या व्याख्येत येतात आणि त्यांवर विकास-वजावट मिळू शकते. त्यानंतर हॉटेलमालक आणि चित्रपटगृहांचे मालक आपली अख्खी इमारतच यंत्रसामग्री आहे असे म्हणू लागले. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ‘आनंद थिएटर्स’ प्रकरणात ही मागणी फेटाळली आणि २००३ च्या वित्त कायद्याने इमारत, फर्निचर व जोडण्या यांना यंत्रसामग्रीच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले. वारसाला मिळालेल्या मालमत्तेची किंमतही येथे मूळ मालकाच्या खरेदीप्रमाणेच धरली जाते. म्हणजे निदान या दोन बाबतींत भारतीय कायदा अमेरिकेइतका सैल नाही.

पण येथील राज्यकर्त्यांनी इतर वाटा मोकळ्या केल्या आहेत. मृत्युकर १९८५ मध्ये गेला, संपत्तिकर २०१५ मध्ये गेला, कंपन्यांच्या कराचा मूळ दर इतर वजावटी सोडणाऱ्या कंपन्यांसाठी २०१९ मध्ये ३० वरून २२ टक्क्यांवर आला. २०१० पासून ठराविक दर्जाच्या नव्या हॉटेलांना जमीन सोडून सर्व भांडवली खर्च एकाच वर्षी वजा करण्याची मुभा काही अटींवर देण्यात आली. २०१९ साली बंगळूर, मुंबई, पुणे आणि दिल्लीच्या परिसरातील कार्यालयसंकुलांचा पहिला भाडे-न्यास भारतीय शेअरबाजारात आला. त्यामागे ‘ब्लॅकस्टोन’ हे अमेरिकन वित्तभांडवल उभे होते. ज्या भांडवलाला मायदेशी इमारती कागदावर झिजविण्याची सवय जडली आहे, ते येथेही तशाच कायद्यासाठी दबाव आणील, हे ओळखण्यास ज्योतिषाची गरज नाही.

मुंबईच्या गिरणगावाला घसाऱ्याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. कित्येक गिरण्यांत मालकांनी वर्षानुवर्षे घसारा वजा केला, विकास-वजावट घेतली. पण नवे माग आले नाहीत. यंत्रबदलासाठी राखलेला पैसा दुसऱ्या धंद्यांकडे वळला आणि गिरण्या ‘आजारी’ ठरल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हजारो कामगार कायमचे बाहेर फेकले गेले. ज्या जमिनीवर ते माग होते, तेथे लोअर परळला आज कार्यालयांचे मनोरे आणि चकचकीत दुकाने आहेत. घसाऱ्याचा पैसा गेला, यंत्रे गेली, कामगार गेले. जमीन राहिली आणि तिची किंमत शेकडो पटींनी वाढली. अमेरिकन कायदा जे कागदावर करतो, ते गिरणगावाने डोळ्यांदेखत पाहिले आहे.

कर्तव्य कोणते?

यातून चळवळीसाठी काही निष्कर्ष निघतात. करचुकव्यांना पकडा, ही मागणी योग्य आहे, पण अपुरी आहे. कायद्याने दिलेली लूट छाप्यांनी थांबत नाही. ती कायदा बदलूनच थांबेल. घसारा हा प्रत्यक्ष झिजेशी आणि प्रत्यक्ष पुनर्भरणाशी बांधला गेला पाहिजे. ज्याने घसारा घेतला पण यंत्र बदलले नाही, त्याच्याकडून तो परत वसूल झाला पाहिजे. सार्वजनिक खर्चामुळे जमिनीची जी किंमत वाढते, तिच्यात समाजाचा हिस्सा असला पाहिजे. मोठ्या मालमत्तेवर संपत्तिकर आणि वारसाकर पुन्हा आला पाहिजे. आणि दरवर्षी अंदाजपत्रकात ‘सोडून दिलेला महसूल’ म्हणून जे आकडे छापले जातात, ते कामगार संघटनांच्या सभांतून शाळा, दवाखाने आणि शिधा यांच्या तरतुदींशेजारी मांडले गेले पाहिजेत. अनुदान म्हटले की गरिबाचे धान्यच डोळ्यांपुढे यावे, अशी सवय राज्यकर्त्यांनी जनतेला लावली आहे. मालकाच्या अनुदानाला ते वजावट म्हणतात.

अंदाजपत्रक हा तज्ज्ञांचा प्रांत आहे, सामान्य माणसाने त्यात पडू नये, अशी भीती मालकवर्ग मुद्दाम पसरवितो. खर्चाची फोड, बोनस घसारा, अदलाबदल ही नावे त्या भीतीसाठीच अवघड राहतात. त्यांचा अर्थ एकदा उलगडला, की ज्याने आयुष्यभर यंत्रापाशी उभे राहून आपली पाठ झिजविली त्या कामगाराला तो समजावून सांगण्यास फार वेळ लागत नाही. तो समजावून सांगणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे आणि येत्या अंदाजपत्रकी अधिवेशनापूर्वी प्रत्येक शाखेने ते हाती घेतले पाहिजे.